झोब्रिस्टला जागा नव्हती असं म्हणू नका

अमेरिकन बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, २०२५ मध्ये झालेल्या मतदानात बेन झोब्रिस्ट या निवृत्त खेळाडूचं नाव पहिल्यांदा आलं आणि लगेच गळालं. पुढच्या वर्षी यादीत राहायला पाच टक्के मतं लागतात. तेवढीही पडली नाहीत. त्याच मतदानात इचिरो सुझुकी आत गेला, एकमताने निवड व्हायला फक्त एक मत कमी पडलं. इचिरोबद्दल वादच नाही. पण मतदारांनी झोब्रिस्टकडे नीट पाहिलंच नाही, असं माझं ठाम मत आहे आणि ते आज सविस्तर लिहिणार आहे.

इचिरो म्हटलं की राइट फील्डमधून, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या उजव्या भागातून, थर्ड बेसवर येणारी ती सपाट, वेगवान फेक आठवते. जुना दिग्गज ऑझी स्मिथ म्हटलं की शॉर्टस्टॉप, सेकंड आणि थर्ड बेसमधली जागा. झोब्रिस्ट म्हटलं की नक्की कुठे उभा असलेला माणूस आठवायचा? सेकंड बेसवर? राइट फील्डमध्ये? लेफ्टमध्ये? शॉर्टस्टॉपवर? तो या सगळ्या जागांवर खेळला आणि चांगला खेळला. नेमकं तेच त्याच्या विरोधात गेलं.

भारतातल्या मित्रमंडळींसाठी थोडं सांगते. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षक एका षटकात पॉइंटला असतो, पुढच्या षटकात मिडऑनला. बेसबॉलमध्ये नऊ जागा ठरलेल्या आणि प्रत्येक जागेची तालीम वेगळी. सेकंड बेसवाल्याला चेंडू घेऊन बेसवर पाय टेकवून क्षणात फर्स्ट बेसकडे फेकायचा असतो, आणि त्याच वेळी समोरून धावणारा त्याच्या पायांवर घसरत येत असतो. राइट फील्डमध्ये फटक्याच्या आवाजावरूनच पाऊल मागे टाकायचं की पुढे हे ठरवावं लागतं, पाठीमागे भिंत असते, डोळ्यांत ऊन असतं. ग्लव्हसुद्धा वेगळे: आतल्या मैदानात लहान आणि उथळ, कारण चेंडू पटकन हाताला लागला पाहिजे, बाहेरच्या मैदानात लांब आणि खोल. बहुतेक खेळाडू एका जागेवर प्रभुत्व मिळवण्यात अख्खं करिअर घालवतात. सोमवारी एक, मंगळवारी दुसरी जागा सांभाळायची आणि वर फलंदाजीही टिकवायची, हे फार थोड्यांना जमतं. तरीही असा अनेक जागांवर खेळणारा युटिलिटी प्लेअर म्हणजे गाडीतली स्टेपनी असा समज वर्षानुवर्षं पक्का बसला आहे. कोणी जखमी झालं की काढायची, एरवी डिकीत.

झोब्रिस्ट इलिनॉयमधल्या युरेका नावाच्या छोट्या गावचा, पाद्र्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा कुठल्याही मोठ्या कॉलेजला तो नको होता. वाढदिवसाला मिळालेले ५० डॉलर भरून तो एका निवड चाचणीला गेला आणि तिथून त्याचं कॉलेज बेसबॉल सुरू झालं. २००४ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत सहाव्या फेरीत घेतलं. २००६ मध्ये ऑब्री हफ या खेळाडूच्या बदल्यात टँपा बे संघाकडे पाठवलं. तिथे शॉर्टस्टॉप म्हणून त्याची सुरुवात वाईट झाली. २००७ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .१५५ होती, म्हणजे शंभर संधींत जेमतेम पंधरा-सोळा यशस्वी फटके. एवढ्यावर अनेकांचं करिअर संपतं. त्याने त्या हिवाळ्यात आपली बॅट फिरवण्याची पद्धत मुळापासून बदलली.

मग आलं २००९. मे महिन्यात टँपाचा सेकंड बेसमन अकिनोरी इवामुरा गुडघ्याला दुखापत होऊन बाहेर गेला आणि व्यवस्थापक जो मॅडनने झोब्रिस्टला तिथे उभं केलं. इवामुरा बरा होऊन आल्यावर झोब्रिस्ट पुन्हा बाकावर गेला नाही. मॅडन त्याला रोज कुठे ना कुठे खेळवत राहिला. पिचर (चेंडू टाकणारा) आणि कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) सोडून सगळ्या जागा त्या एका मोसमात झाल्या. २७ होम रन (थेट कुंपणापलीकडे मारलेले फटके), सरासरी .२९७. बदली खेळाडूपेक्षा एखाद्याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले हे मोजणारा आकडा असतो, वॉर. बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या हिशोबात त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या (दोन लीगपैकी टँपाची लीग) सगळ्या फलंदाजांत झोब्रिस्ट पहिला होता. मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअरचा मान जो मावरला मिळाला. मावर .३६५ च्या सरासरीने खेळणारा कॅचर होता, त्यामुळे ते मला मान्यच आहे. पण ‘हा पहिला होता’ हे वाक्य आजही लोकांना खोटं वाटतं, याचं मला वाईट वाटतं.

टँपाला अशा माणसाची गरज का होती, तेही पाहा. त्यांच्याच गटात यांकीज आणि रेड सॉक्स, दोघांकडे पैशाला तोटा नाही. तेव्हा संघात २५ खेळाडू असायचे, त्यातले बारा-तेरा नुसते पिचर. बाकावर उरायचे तीन-चार. एकच माणूस पाच जागा सांभाळत असेल तर बाकावरची दोन-तीन माणसं तुम्ही निव्वळ दुसऱ्या कामासाठी ठेवू शकता. त्यात झोब्रिस्ट दोन्ही हातांनी खेळणारा, म्हणजे समोर डावरा पिचर असो की उजवा, त्याला बसवायची वेळ येत नाही.

आपल्याकडे हे समजायला राहुल द्रविड आठवावा. २००३ च्या विश्वचषकात त्याने यष्टिरक्षण केलं म्हणून भारताला सातवा फलंदाज खेळवता आला. सातव्या फलंदाजाने केलेल्या धावा द्रविडच्या खात्यात कुठेच दिसत नाहीत. कुठल्याही रकान्यात त्या बसत नाहीत.

झोब्रिस्टच्या बाबतीत हे सगळ्यात ठळकपणे दिसलं २०१६ मध्ये. २०१५ मध्ये तो मोसमाच्या मध्यावर ओकलंडहून कॅन्सस सिटी रॉयल्सकडे आला, सेकंड बेसवर खेळला आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकला. त्यानंतर शिकागो कब्जने त्याच्याशी चार वर्षांचा ५ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. (संघमालकांना त्याची किंमत कळली होती, बरं का.) २०१६ च्या निवडक ताऱ्यांच्या ऑल-स्टार सामन्यात तो सेकंड बेसवर सुरुवातीपासून खेळला. म्हणजे तिथला तो त्या वर्षीचा मान्यताप्राप्त खेळाडू. आणि मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, प्लेऑफमध्ये? सेकंड बेस त्याने तरुण हाविएर बाएझसाठी सोडला आणि स्वतः लेफ्ट फील्डमध्ये गेला. बाएझने नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत कमाल केली आणि त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू हा मान संघातल्या जॉन लेस्टरबरोबर वाटून घेतला. ती जागा बाएझला मिळाली कारण झोब्रिस्टला दुसरीकडे तितकंच नीट खेळता येत होतं. ऑल-स्टार म्हणून मिरवलेली जागा तीन महिन्यांत विनातक्रार सोडणारे किती जण आठवतात?

मग २ नोव्हेंबर, क्लीव्हलँड, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. शिकागोत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींपैकी अनेकांना तोवर बेसबॉल धड कळतही नव्हतं, पण त्या रात्री सगळे जागे होते. १९०८ नंतर कब्जने वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती. आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलँडच्या राजाई डेव्हिसने होम रन मारून ६-६ केलं, नऊ इनिंग संपल्या, पाऊस आला, १७ मिनिटं खेळ थांबला. दहाव्या इनिंगमध्ये समोरच्या संघाने कब्जच्या रिझोला मुद्दाम चालत फर्स्ट बेसवर जाऊ दिलं. झोब्रिस्टला गाठणं सोपं, असा त्यांचा हिशोब. त्याने पिचर ब्रायन शॉचा चेंडू डाव्या रेषेलगत सरपटत काढला, डबल, म्हणजे सेकंड बेसपर्यंत पोचवणारा फटका. आधीच बेसवर असलेला अल्मोरा धाव पूर्ण करून आला, ७-६. मग माँटेरोने आणखी एक धाव आणली, क्लीव्हलँडला एकच धाव परत काढता आली आणि सामना ८-७ ने कब्जने जिंकला. सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू झोब्रिस्ट, सरासरी .३५७, आणि त्या सिरीजमध्ये तो खेळला लेफ्ट फील्डमध्ये.

कारकिर्दीचे आकडे .२६६ ची सरासरी आणि १६७ होम रन. निव्वळ हे दोन आकडे पाहून मत देणाऱ्याने त्याला वगळलं तर आश्चर्य नाही. त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायलाच हवं होतं, असा माझा हट्टही नाही. पहिल्याच वर्षी बाहेर काढू नये, त्याच्या कामाची दोन-चार वर्षं चर्चा व्हावी, एवढीच माझी अपेक्षा होती. शंभर वर्षांचा हिशोब ‘हा कुठल्या जागेचा?’ या प्रश्नापासून सुरू होतो. ज्याचं उत्तर ‘पाच जागांचा’ असतं, तो प्रत्येक यादीत दुसऱ्या-तिसऱ्या पानावर जातो.

२०२२ पासून गोल्ड ग्लव्हमध्ये, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या पुरस्कारांत, युटिलिटी प्लेअरसाठी वेगळा पुरस्कार देतात. झोब्रिस्ट २०१९ मध्येच थांबला होता. त्याच्या कपाटात एकही गोल्ड ग्लव्ह नाही. २०२३ मध्ये हा पुरस्कार नॅशनल लीगमध्ये पाद्रेज संघाच्या किम हा-सॉंगला मिळाला, कोरियात जन्मलेला पहिला गोल्ड ग्लव्ह विजेता. मूकी बेट्स राइट फील्डचे सहा गोल्ड ग्लव्ह घेऊन डॉजर्स संघासाठी सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉपवर गेला, आणि २०२४ मध्ये गरज पडताच परत राइट फील्डमध्ये आला. बेट्सच्या वेळी कोणी स्टेपनी म्हणत नाही, कारण तो आधीच तारा होता. किमसारख्यांचं नाव मतपत्रिकेवर येईल तेव्हा मतदारांनी ते किती जागांवर खेळले आणि त्यामुळे संघात कोणाकोणाला जागा मिळाली, हे आधी बघावं. मग बाकीचे आकडे काढावेत.