चार चाकांचा देव्हारा

गाडी स्वतः बांधायची, ही बुद्धी मला कुणी दिली ते सांगत नाही. त्याच्याशी सध्या बोलणं बंद आहे. १९५७ साली इंग्लंडात लोटस सेव्हन नावाची चिमुकली उघडी गाडी निघाली. सुटे भाग नेऊन घरी जोडले की खरेदीकर वाचायचा, म्हणून तिथले लोक ती घरीच जोडत. मी तिची नक्कल मालवणात, खळ्यातल्या मांडवाखाली जोडली. नळ्यांचा सांगाडा, वर फायबरची बॉडी, पुढे जुन्या ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन. (पासिंगचं प्रकरण काढू नका.) म्हटलं, आता आतली सजावट तेवढी राहिली.

या ‘तेवढी’ने माझे दोन पावसाळे खाल्ले.

डॅशबोर्डला सुतार म्हणाला, “फणसाचा लाकूड घेवया. वाळवी लागूची नाय.” पटलं. त्याचा हात मात्र देव्हाऱ्यांवर बसलेला. मीटरसाठी एक गोल भोक सांगितलं होतं, तर वर महिरप आली, दोन्ही बाजूंना कमळं आली. पिवळाधमक फणस बघून आईने दुसऱ्याच दिवशी हळदकुंकू वाहिलं. तेव्हापासून स्पीडोमीटरवर रोज एक जास्वंद असते. वेग पाहायचा तर आधी निर्माल्य काढावं लागतं.

सीटला खरं चामडं हवं होतं. पण श्रावणात माझ्या चपलांवरही हिरवी मखमल उगवते, म्हणून रेक्झिन. गावातला कुशनवाला आयुष्यभर रिक्षाच शिवत आलेला. मी त्याला मोबाइलवर इंग्लंडातल्या गाड्यांचे बारा फोटो दाखवले. त्याने शांतपणे पाहिले आणि विचारलं, “पायपिंग लाल की पिवळा?” आत फोम घाल म्हटलं तर काथ्या भरला. पहिल्या पावसात काथ्याने इतकं पाणी धरलं की बसलं की पच्च व्हायचं. गणपतीपर्यंत शिवणीतून दोन अळंबी डोकावली. बायकोने निरखून पाहिली आणि म्हणाली, “खायची नव्हेत.”

खरा वनवास वायरिंगचा. डावा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच तालावर नाचायचा. ब्रेक दाबला की हॉर्न कण्हायचा. इलेक्ट्रिशियनने चार दिवस टेस्टर फिरवला, पाचव्या दिवशी टेस्टर खिशात घातला. “हेच्यात कायतरी असा. नारळ देवा.” नारळ दिला. गाऱ्हाणं झालं, “व्हय म्हाराजा!” झालं, मांडवाखालच्या सगळ्यांनी हात जोडले, मी चावी फिरवली, इंडिकेटर लावला. काटा नाचला.

त्या रात्री खोबरं खाताना मला उमगलं. साध्या गाडीची बॉडी लोखंडाची. करंट दिव्यातून बॉडीत उतरतो आणि तिच्यातूनच बॅटरीकडे परततो. या पठ्ठ्याने सवयीने सगळ्या अर्थिंगच्या (करंट परत नेणाऱ्या) वायरी बॉडीलाच स्क्रूने आवळल्या होत्या. आणि बॉडी फायबरची! बिचारा करंट परतीची वाट शोधत दुसऱ्यांच्या घरात शिरत होता. प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर ओढून थेट सांगाड्याला नेली, काटा गप्प झाला. श्रेय अर्थात नारळाला गेलं.

परवा सगळं पुसून गाडी बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, उभी केली आणि कौतुकाने जरा लांब जाऊन बघत होतो. एक म्हातारे आजोबा आले. महिरपीला नमस्कार केला, ओली छत्री पायाशी ठेवली, लाल पायपिंगवर ऐसपैस बसले आणि मला हाक मारली,

“काय रे, कुडाळ स्टेशनाक किती घेतलंस?”