चार बोटं गॅप

मागच्या वर्षी भंडारदऱ्याला हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधलेल्या कापडी झोळीत, एक रात्र काढली आणि सकाळी उठल्यावर माझ्या शरीराचे सरळ दोन भाग झाले होते, वरचा भाग शेकलेला आणि खालचा भाग फ्रीझरमधला. अंगात जॅकेट, डोक्याला माकडटोपी, चांगली जाड स्लीपिंग बॅग, सगळं होतं, पण पाठीपासून ढुंगणापर्यंत असा गारठा की कोळीणबाईंच्या टोपलीत बर्फावर पापलेट कसं पडलेलं असतं, तस्साच मी. आमच्यातल्या एका जुन्या ट्रेकरने कारण सांगितलं. म्हणे उब कापूस देत नाही, पिसंही देत नाहीत, त्यांच्यात अडकलेली हवा देते, आणि तू तुझ्या ब्याऐंशी किलोनी ती हवा पार चेपून टाकलीस, म्हणजे पाठीखाली नुसतं कापड राहिलं आणि त्याखाली मोकळं वारं. पटलं. घरात गादी गाठाळली की आई पिंजाऱ्याला हाक मारायची ती याचसाठी, हे चाळीशीत कळलं.

यावर उपाय म्हणजे अंडरक्विल्ट. म्हणजे रजईच, पण अंगाखाली घ्यायची नाही, हॅमॉकच्या खाली बाहेरून टांगायची, त्यामुळे ती चेपत नाही, फुगलेलीच राहते. ऑनलाइन मागवली. किंमत बायकोला निम्मी सांगितली. तरी ती म्हणाली, "भांडुपमध्ये? रजई? आणि ती पण झोळीला घालायची?"

खरा त्रास रजई आल्यावर सुरू झाला. तिच्या दोन्ही कडांनी इलॅस्टिकची दोरी असते, ती डोक्याकडे आणि पायाकडे हॅमॉकच्या टोकांना अडकवायची, दोरीवर बकल असतं ते सरकवून ताण कमीजास्त करायचा, आणि दोन्ही टोकांना पायजम्यासारखी नाडी असते, ती आवळून वारा आत शिरायची जागा बंद करायची. वाचायला दोन मिनिटं लागतात. पण सैल राहिली तर मध्ये पोकळी राहते आणि सगळी उब तिथनं पळते, आणि घट्ट झाली तर रजई चपटी होते, म्हणजे परत तेच पापलेट. ती पाठीला नुसती टेकली पाहिजे, दाबली नाही पाहिजे. आणि हे सगळं तुम्ही आत पडलेले असतानाच कळतं, आणि आत पडल्यावर हात काही खालपर्यंत पोचत नाही, आणि ठीक करायला खाली उतरलात की वजन जातं, झोळी वर उचलली जाते आणि रजईचा आकारच बदलतो. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं म्हणतात ना, ते हेच.

म्हणलं आधी घरी सराव करू. आता मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये बारा-तेरा फुटांवर समोरासमोर दोन मजबूत खुंट्या कुठे असतात? बेडरूमच्या खिडकीचं ग्रिल एकीकडे आणि हॉलमधला पाळण्याचा हूक दुसरीकडे धरला तर माप बरोबर बसत होतं, पण झोळी दारातनं आरपार जात होती, म्हणजे दार लागणार नाही, म्हणजे एसी सोळावर ठेवून काय उपयोग. शिवाय दोरीचा कोन. दोरी आडवीपासून तीस अंश उतरती असली तर प्रत्येक बाजूला साधारण माझ्या वजनाएवढा ताण येतो, पण जागा कमी पडते म्हणून दोरी ताणून पंधरा अंशावर आणली की तोच ताण जवळपास दुप्पट, म्हणजे दीडशे किलोच्या वर. ग्रिलला दीडशे किलो म्हणजे मी ग्रिलसकट थेट शेजारच्यांच्या डायनिंग टेबलावर, ते पण आडवा.

मग गच्ची. गच्चीची चावी सेक्रेटरी काकांकडे. त्यांना सांगितलं "थोडं काम आहे", तर ते स्वतःच वर आले, स्वेटर घालून. थंडीचे दिवस, रात्री अकरा वाजता सतरा डिग्री, म्हणजे आमच्या सोसायटीच्या हिशोबाने काश्मीर. काकांनी लगेच ऐकवलं की ही कसली थंडी, 1962 च्या जानेवारीत सांताक्रूझला 7.4 नोंदलं गेलं होतं. मी पाण्याच्या टाकीचा खांब आणि लिफ्टच्या खोलीसमोरचा लोखंडी पोल यांच्यामध्ये झोळी बांधली. सतरा डिग्रीत नुसतं पडून काही कळणार नाही म्हणून घरनं टेबल फॅन आणला, एक्स्टेंशन बोर्ड लावला आणि फॅन बरोबर झोळीच्या खाली, तोंड वर करून. सह्याद्रीचं वारं, स्पीड तीन.

बायको बघायला म्हणून आली होती. मी आत पडलो, तिरका पडलो, कारण हॅमॉकमध्ये सरळ पडलं की माणूस केळ्यासारखा वाकतो, मधल्या रेषेला थोडं तिरकं पडलं तर पाठ सपाट राहते. पण मी तिरका झालो आणि रजई राहिली सरळ, त्यामुळे उजवा खांदा एकीकडनं बाहेर. फॅनचं वारं बरोबर तिथे.

"अगं जरा खालून बघ ना, कुठे उघडं पडलंय."

ती मोबाईलचा टॉर्च लावून, चटई टाकून माझ्याखाली चक्क आडवी झाली, गॅरेजमधला मेकॅनिक गाडीखाली जातो तशी. मग रजई आणि झोळीच्या मधनं तिचा हात फिरायला लागला.

"हात आरामात जातोय. कंबरेपाशी चार बोटं गॅप आहे."

"मग आवळ ना."

आवळली. "आता पार चपाती झाली रे."

"सैल कर थोडी. डावीकडची."

"तुझी डावी का माझी?"

"अगं आपण दोघंही पाठीवर पडलोय, डोकी एकाच बाजूला आहेत, डावी एकच आहे आपली!"

लग्नाला सतरा वर्षं झाली, एका बाजूचे आम्ही दोघं पहिल्यांदाच. काका हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होते आणि मधनंमधनं "घट्ट करा, घट्ट करा" म्हणत होते, आपल्याकडे कुठलीही दोरी दिसली की माणसाला घट्टच करावीशी वाटते. तिने त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. रजई वीतभर डोक्याकडे सरकवली, खांद्याच्या बाजूची दोरी दोन बोटं ढिली सोडली, पायाकडची नाडी आवळली, परत हात घातला. "आता हात जातोय, पण रजई हाताला चिकटून येतेय." आणि खरंच, पाठीखाली कोणीतरी गरम ताट सरकवल्यासारखं वाटलं. फॅन तीनवरच होता.

मग तिने खाली जाऊन नेलपॉलिशची बाटली आणली आणि इलॅस्टिकवर जिथे जिथे बकल होतं तिथे तिथे लाल खूण केली. मला इतकं कौतुक वाटलं की रजईची खरी किंमत सांगून टाकावी असा विचार आला, पण आवरला. काका म्हणाले "बघू जरा", आणि आत पडले. पंचवीस मिनिटं पडले. शेवटी त्यांच्या घरनं फोन आला तेव्हा उतरले.

पुढच्या शनिवारी कसारा लोकल, तिथनं जीप, परत भंडारदरा. तळ्याकाठची दोन झाडं धरली, खोडाला सालपट निघू नये म्हणून रुंद पट्टे बांधले, रजई लाल खुणांवर बरोबर बसवली, आणि रुबाबात आत शिरलो. दोन वाजता कंबर गार. खुणा जागच्या जागी होत्या, पण झाडं गच्चीतल्या खांबांपेक्षा बरीच लांब, दोरी जास्त ताणलेली, त्यामुळे झोळीचा खोलगटपणाच बदललेला, आणि त्या खुणांना काही अर्थच नाही. टेंटमधल्या मित्राला उठवलं. म्हणलं जरा खाली आडवा हो आणि हात घालून बघ. त्याने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण आला बिचारा, हेडलॅम्प लावून. "चार बोटं," म्हणाला. तेवढ्यात झोपेत त्याने भलतंच बकल ओढलं आणि रजई सगळी त्याच्या तोंडावर. उरलेली रात्र मी त्याच्या टेंटमध्ये, त्याच्या मॅटच्या उरलेल्या अर्ध्या भागावर.

परत आल्यावर कळलं की याला रिजलाइन लागते, म्हणजे झोळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरनं एक ठराविक लांबीची दोरी. झोळीच्या लांबीच्या साधारण 83 टक्के धरतात, म्हणजे माझ्या अकरा फुटी झोळीला नऊ फूट दीड इंच. मग झाडं जवळ असोत नाहीतर लांब, झोळीचा झोल जवळपास तेवढाच राहतो आणि नेलपॉलिशच्या खुणाही खऱ्या ठरतात. हे त्या जुन्या ट्रेकरला माहीत होतं. मी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही म्हणे.

दोरी आणली, मापून कापली, गाठी मारल्या. संध्याकाळी चावी मागायला खाली गेलो तर लिफ्टशेजारी नोटीस: गच्चीवर कोणीही झोपाळे, झोळ्या इत्यादी बांधू नयेत, आदेशावरून. खाली काकांची सही. हॅमॉक परत कपाटावर गेला, आणि भांडुपमध्ये परवापासून घरोघरी पंखे पाचावर आहेत.