‘तेल-सिमेंट’वाल्या शाखांबद्दल : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक त्रस्त पालक’ यांस,

स. न.

इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरण्याआधी शाखांकडे कसं पाहावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना ती लेखाबद्दल आहे की माझ्याबद्दल, हेच कळेना. इतरांसाठी गोषवारा देतो. तुम्ही म्हणता की लेखात पगाराचे आकडे नाहीत, इन्स्ट्रुमेंटेशनचं नावही नाही आणि मुलींना साइटवर काय सोसावं लागतं यावर एक ओळ नाही. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या घराला ‘कामाचा स्वभाव बघून शाखा निवडा’ असं सांगणं म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असंही म्हणता. आणि मग हे वाक्य : ‘मेकॅनिकल-सिव्हिलची पोरं शेवटी आयटीतच जातात, मग चार वर्षं त्यांना तेल-सिमेंटमध्ये लोळवायचं कशाला?’ शेवटी मला ‘रिकामटेकडा निवृत्त’ म्हणून मोकळे झालात.

मी निवृत्त नाही. अजूनही चाकणला जातो, सेफ्टी शूज घालून. असो.

इन्स्ट्रुमेंटेशन राहिलं, हे मान्य. रासायनिक कारखान्यात कुठल्या टाकीत किती तापमान, किती दाब, पाइपातून किती प्रवाह, हे मोजणारी आणि त्यावरून व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवणारी यंत्रणा ही मंडळी उभी करतात आणि सांभाळतात. तारापूर, पाताळगंगा, लोटे-परशुराम इथल्या प्लांटमध्ये त्यांच्यावाचून पान हलत नाही. शाखा छोटी आहे, चांगली आहे, लेखात यायला हवी होती. तुमचा हा मुद्दा बरोबर. बघा, मी बरोबरला बरोबर म्हणतो.

आता ‘लोळवायचं’. माझे वडील टर्नर होते. आयुष्यभर लेथवर उभे राहिले आणि त्यांच्या हाताला कूलंटचा वास कायम असायचा. मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकल घेतलं तेव्हा घरात पेढे वाटले होते. त्यामुळे हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. पण भावनेचं सोडा, माहितीचं बोलू. शिकला-सवरलेला माणूस असं वाक्य लिहितो तेव्हा वाटतं, यांनी कारखाना बहुधा हायवेवरूनच पाहिला असावा.

माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात, क्वालिटीला. रात्रपाळीत बोअरचं, म्हणजे पार्टमधल्या भोकाचं, माप काही मायक्रॉननी सरकायला लागलं. गेज अजून ‘गो’, म्हणजे माल चालेल, असं दाखवतंय, पण मापांचा कल एकाच दिशेला आहे. सकाळी गाडी भरून माल ग्राहकाकडे जायचाय. लाइन थांबवायची की नाही? थांबवली तर प्रॉडक्शनचा माणूस अंगावर येणार, नाही थांबवली तर ग्राहकाच्या असेंब्लीत पार्ट अडकणार आणि आठ दिवसांनी ऑडिटर आपल्या दारात. बावीस वर्षांच्या पोराने हे पहाटे तीन वाजता ठरवायचं असतं. यात तेल असतं, हो. पण कस आकडे वाचण्याचा आणि नाही म्हणण्याच्या हिमतीचा लागतो. मी लाइन थांबवली. त्याबद्दल साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल.

आणि हे झालं एक काम. त्याच कारखान्यात तीच डिग्री घेतलेला दुसरा माणूस टूल रूममध्ये फिक्स्चर, म्हणजे मशिनवर पार्ट पकडून ठेवणारी साधनं, डिझाइन करत होता. तिसरा व्हेंडर डेव्हलपमेंटला, म्हणजे आठवडाभर या वर्कशॉपमधून त्या वर्कशॉपमध्ये फिरणं, भावाची घासाघीस, कास्टिंगमधली ब्लो होल (हवेची पोकळी) बघून माल परत पाठवणं. चौथा मेंटेनन्सला, ज्याचा फोन जेवायला बसल्यावरच वाजायचा. पाचवा कॉस्टिंगला, एसीत बसून, सबंध दिवसात एकदाही शॉप फ्लोअरवर न उतरता. तुमचा मुलगा अबोल असेल आणि तासन् तास एका ड्रॉइंगवर बसू शकत असेल, तर व्हेंडरचं काम त्याचा जीव घेईल आणि डिझाइन त्याला मानवेल. बडबड्या, माणसांत रमणारा असेल तर नेमकं उलट. शाखा एक, स्वभाव पाच. माझ्या लेखात एवढंच होतं.

सिमेंटचंही तेच. साइट इंजिनिअर स्लॅब टाकायच्या आदल्या रात्री सळई आणि सेंट्रिंग तपासतो, पाऊस येतोय का बघत. बिलिंग इंजिनिअर मोजमापांवरून ठेकेदाराच्या बिलाशी झगडतो. स्ट्रक्चरल डिझाइनवाला महिनोन् महिने साइटचं तोंड बघत नाही. क्वालिटीवाला काँक्रीटचे क्यूब भरतो आणि सातव्या नि अठ्ठाविसाव्या दिवशी फोडतो. एमपीएससीतून जलसंपदात गेलेल्याचं दुखणं तर आणखी वेगळं, त्याला धरणाइतकीच फाइल सांभाळावी लागते.

आणि सिमेंटमध्ये लोळून काय होतं विचारता, तर कोयनेचं लेक टॅपिंग ऐकलंय का? 13 मार्च 1999. शिवसागर जलाशय रिकामा न करता, खालून बोगदा तळाजवळ नेला आणि मधला शेवटचा खडक सुरुंगाने उडवून पाणी आत घेतलं. फुटलेला दगड पाण्याबरोबर आत येणार, म्हणून तो पडायला बोगद्यात आधीच खड्डा तयार ठेवावा लागतो. गणित चुकलं तर दुसरी संधी नाही, कारण वर अख्खा तलाव उभा आहे. 25 एप्रिल 2012ला तिथेच दुसऱ्यांदा केलं. ज्याच्यासाठी हे केलं ते कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं वीजघर जमिनीच्या पोटात आहे, 1000 मेगावॉटचं. खडक वाचणारे भूगर्भतज्ज्ञ, बोगद्याचे सिव्हिलवाले, दारं नि टर्बाइनचे मेकॅनिकलवाले, जनित्रांचे इलेक्ट्रिकलवाले, सगळे एकाच कामावर. कुणाची शाखा ‘चालते’ आणि कुणाची नाही, हे तिथे जाऊन विचारा.

‘शेवटी आयटीतच जातात.’ जातात. माझ्या वर्गातले बरेच गेले, मी कुठे नाकारलंय? पण तिथे जाऊन करतात काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. माझा एक मित्र कारखान्यांमध्ये एसएपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून देतो, त्यातला प्रॉडक्शन प्लॅनिंगचा भाग. ज्याने बिल ऑफ मटेरियल (एका वस्तूला लागणाऱ्या सगळ्या पार्टची यादी) हातात धरलेलं नाही, रीवर्कचा, म्हणजे पुन्हा दुरुस्त करायचा, माल वेगळ्या रॅकवर का ठेवतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ते काम जमत नाही. दुसरा क्रॅश सिम्युलेशन करतो, दिवसभर स्क्रीनपुढे, आणि जे वापरतो ते सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स. यांना आयटीवाले म्हणायचं की मेकॅनिकलवाले, तुम्हीच ठरवा. इलेक्ट्रिक गाड्यांचा गाजावाजा आहे ना? बॅटरी पॅक तापू न देणं हे उष्णतेचं शास्त्र आहे, ते शुद्ध मेकॅनिकल. त्याच पॅकमधल्या प्रत्येक सेलवर नजर ठेवणारा सर्किट बोर्ड इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचा.

शिवाय ‘कॉम्प्युटर’ म्हणजे एकच काम, हा गैरसमज तुमच्यासारख्यांनीच पसरवलाय. कोणी कोड लिहितो, कोणी दुसऱ्याचा कोड तपासतो, कोणी परदेशी बँकेची यंत्रणा रात्रभर जागून सांभाळतो, कोणी सुरक्षेतली भगदाडं शोधतो. प्रॉडक्शन सपोर्टच्या रात्रपाळीला लागलेल्या मुलाला विचारा, भोसरीची रात्र आणि हिंजवडीची रात्र यांत फरक किती. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने 2024-25पासून जागांची कमाल मर्यादा उठवल्यावर कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या कशा वाढवल्या, तेही बघा. एवढी सगळी मुलं एकाच दारातून बाहेर पडणार आहेत. तिकडे आपला मुलगा नक्की कुठे बसणार, हा प्रश्न तुम्हाला पडत नाही आणि त्रस्त मात्र तुम्ही आहात!

पगाराचे आकडे मी देणार नाही. ते कॉलेजांच्या जाहिरातींत मुबलक मिळतात, तिथेच वाचा. मुलींचा विषय मोठा आहे, तो इथे नको. कर्जाचं म्हणाल तर कर्ज कोणाला चुकलंय? आमच्याही घरी होतं, वडिलांनी पतपेढीचं फेडलं, त्याचं भांडवल आम्ही केलं नाही.

एक सांगायचं राहिलं. अख्ख्या प्रतिक्रियेत तुम्ही कॉलेजांची नावं घेतलीत, कटऑफ दिलेत, शेजाऱ्यांच्या मुलाचं पॅकेज दिलंत. ज्याचा फॉर्म भरायचाय त्याला काय करायला आवडतं, याचा एक शब्द नाही. त्याला काही विचारायचं असेल तर त्याने स्वतः लिहावं, मी उत्तर देईन, आणि त्याच्याशी बोलताना माझा सूर असा नसेल.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही. चौथ्या ओळीतला एक शब्द तेवढा गाळला आहे, कोणता ते तुम्हाला ठाऊक आहे.