तिथी बघून ट्रायपॉड

कोकणात समुद्राचे फोटो काढायचे तर लेन्सच्या आधी तिथी छापलेलं कॅलेंडर घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ते ऐकून फोटोवाली मंडळी हसतात आणि परत कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा, फुल फ्रेम हवा की लहान, क्रॉप, यावर हमरीतुमरीवर येतात. येऊ देत.

किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, आणि भरतीनंतर सहाएक तासांनी ओहोटी, म्हणजे ऐन सूर्यास्ताच्या आसपास समुद्र पार आत गेलेला. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फोटोला पुरतो. ओल्या वाळूत उतरलेलं आकाश हवं असेल तर पौर्णिमा-अमावास्या गाठायची आणि दापोलीजवळच्या मुरुड-कर्द्यासारखा सपाट किनारा धरायचा. जांभ्याच्या खडकावर फुटणारी लाट हवी असेल तर अष्टमी-नवमी बरी. तेव्हा भांगाची, म्हणजे लहान भरती असते, पाणी खडकाशी येतं पण उधाणाइतकं अंगावर येत नाही. अडचण एवढीच, की पोरांच्या परीक्षा, ऑफिसची रजा आणि गाडीचं रिझर्व्हेशन यांतलं काहीही तिथी बघून मिळत नाही.

समजा जमलं. आता सूर्यास्त. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. पाण्याला टेकल्यापासून गडप होईपर्यंत अडीच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तेवढ्यात अख्खा किनारा मोबाइल उंचावतो, मग सगळे कपड्यांची वाळू झटकतात आणि भज्यांच्या गाडीकडे निघतात. खरा रंग त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी चढतो आणि अर्ध्या तासात संपतो. नेमक्या त्याच वेळी मागून विचारणा होते, ‘‘सूर्य तर गेला, आता कशाचे काढताय?’’ त्यातच खानावळीतून फोन येतो, सुरमई तळायला घेऊ का म्हणून. या प्रश्नाला आजवर कुठल्याही फोटोग्राफरला ‘नको’ म्हणता आलेलं नाही.

ट्रायपॉड वाळूवर नुसता टेकवून चालत नाही. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते, कॅमेरा कळेल न कळेल इतका कलतो आणि घरी आल्यावर अरबी समुद्र एका बाजूने सांडताना दिसतो. तिन्ही पाय वीतभर दाबून रोवायचे. दोन लाटा पायांवरून जाऊ द्यायच्या, ट्रायपॉड बसला की मगच क्षितिज सरळ करायचं. पाय लांबवताना सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी बाहेर काढायचा, म्हणजे फिरकीचे सांधे खाऱ्या पाण्याच्या वर राहतात. कोरड्या जमिनीवर याच्या उलट करतात आणि तिथे तेच बरोबर. मधला दांडा खालीच ठेवावा, वाऱ्याने थरथरतो. परतल्यावर पाय गोड्या पाण्यात खळखळून धुवायचे. मुक्कामाच्या घरातल्या काकू विचारतील, ‘‘बादलीत काय भिजत घातलंय?’’ खरं सांगावं. त्यांनी त्याहून विचित्र पाहुणे पाहिलेले असतात.

लाट कशी दिसावी यावरून फोटोवाल्यांत सोवळं-ओवळं आहे. ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये समुद्राचं ताक होतं, आणि मला ताक जेवणानंतर आवडतं. लाट परत फिरायला लागली की अर्ध्या ते एका सेकंदाचा शटर मारावा. फेसाच्या रेघा आपोआप पाण्याकडे ओढल्या जातात. ऊन असताना इतका सावकाश शटर ठेवायला काळा एनडी फिल्टर लागतो, म्हणजे लेन्ससाठी गॉगलच. त्याचा दर स्टॉप प्रकाश निम्मा करतो. सहा स्टॉपचा असेल तर १/६० सेकंदाच्या शटरचं एक सेकंद होतं, दहा स्टॉपचा असेल तर सुमारे १७ सेकंद. फोकस फिल्टर लावायच्या आधी करून मॅन्युअलवर टाकायचा, कारण दहा स्टॉपच्या काळोखात कॅमेरा चाचपडत बसतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८ ते ११, हातातली थरथर सावरणारा स्टॅबिलायझर बंद आणि दोन सेकंदांचा टायमर.

या १७ सेकंदांची एक गंमत आहे. फ्रेममधून चालत जाणारी माणसं फोटोत उमटतच नाहीत. उमटतात ती भली माणसं. ‘‘थांबा रे, काका फोटो काढतायत!’’ असं म्हणून सगळ्या कुटुंबाला जागच्या जागी रोखून धरणारा सज्जन गृहस्थ हमखास फोटोच्या मधोमध येतो, तोही तुळतुळीत शार्प. ‘चालत राहा’ असं ओरडून सांगितलं तर तो आदराने आणखी स्तब्ध होतो.

लेन्सवर उडालेलं खारं पाणी डोळ्यांना दिसत नाही, सूर्यासमोर धरलं की मात्र त्याचे पांढरे डाग चमकतात. ते सदऱ्याच्या टोकाने पुसणं हा गुन्हा आहे. मिठाबरोबर चिकटलेला वाळूचा कण काचेवरून फिरतो आणि ओरखडा कायमचा राहतो. आधी हवा मारणारा रबरी ब्लोअर, मग किंचित ओलं मायक्रोफायबर, शेवटी कोरडं. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर दमट हवेने लेन्स आतबाहेर धुकट होते आणि अर्धा तास तशीच राहते. तो अर्धा तास तिला बंद बॅगेतच काढू द्यावा.

पावसाळ्यात बुरशीची पाळी. सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रतेत कपाटात पडलेल्या लेन्सवर कोळ्याच्या धाग्यांसारखी जाळी धरते आणि काचेवरचं कोटिंग खाते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ च्या आसपास हवा. जेलचे निळे मणी गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नाही, त्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. नारिंगी मणी त्यापेक्षा बरे. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवा म्हणणारे प्रत्येक घरात एक असतात. त्यांना मान हलवून हो म्हणावं आणि तांदूळ जेवावेत.

एवढं सगळं सांभाळून, आकाश जांभळं झालेलं, वाळू आरशासारखी, पाय रोवलेले, आणि घरची मंडळी येऊन समोर उभी राहतात: ‘‘आता आमचा एक काढा.’’ काढावा. आयएसओ १६०० करावा, शटर निदान १/६०, फ्लॅश अगदी मंद, नाहीतर चेहरे पांढरेफटक आणि मागे काळोख. रात्री ग्रुपवर टाकला की मावशींचा अभिप्राय येतो, ‘‘छान आलाय, फक्त मागचं ते पाणीबिणी कापून आम्हाला मोठं करून पाठव.’’