फोन उचलला म्हणून आदेश रद्द होत नाही

रत्नागिरीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'कोर्टाचा मनाई आदेश म्हणजे नुसता कागद. बाईने एकदा फोन उचलला की तो रद्द. साक्षीदार नसेल तर काही होत नाही, झालंच तर जामीन लगेच मिळतो. शिमग्याला स्वतःच्या घरी यायला कोर्टही अडवू शकत नाही.' माझ्या मामेबहिणीला तो तिच्या सख्ख्या मावशीने पाठवला, खाली 'आता मिटव' असं लिहून. म्हणून हे उत्तर.

कागदाचं आधी. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005, कलम 31: संरक्षण आदेश (मेसेजमधला 'मनाई आदेश' तो हाच) मोडला, अगदी अंतरिम म्हणजे तात्पुरता असला तरी, 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 32 प्रमाणे गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही), आणि एकट्या पीडितेच्या साक्षीवरही न्यायालय दोषी ठरवू शकतं. साक्षीदाराची गोष्ट तिथेच संपली.

खरा संताप फोनच्या मुद्द्याचा येतो. आदेश नवऱ्यावर आहे, तिच्यावर नाही! ती फोन का उचलते? नंबर अनोळखी असतो, पोर तापाने फणफणलेलं असतं, सासूच्या मोबाइलवरून तोच बोलत असतो. कलम 25 म्हणतं, ती स्वतः अर्ज करून रद्द करून घेईपर्यंत आदेश लागू. परिस्थिती बदलली असं त्याला वाटत असेल तर त्यानेही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करावा. हा मेसेज वाचलेली बाई मात्र एकदा फोन उचलला की आपलंच चुकलं समजते, आणि पुढच्या वेळी तो दारात उभा राहिला तरी पोलिसांना कळवत नाही. माझी बहीण हेच करायला निघाली होती.

शिमग्याचं म्हणाल तर घरपट्टी त्याच्या नावावर असली तरी कलम 19 खाली त्याला घराबाहेर राहायला सांगता येतं. पालखी नाचवायला गाव आहे.

जामिनाचं अर्धवट खरं आहे, पण ते दुसऱ्या गुन्ह्याबद्दल. नात्यातला नसलेला कोणी मागे लागला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 78 लागतं. तिथे पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, हे मान्य. तरी शिक्षा 3 वर्षांपर्यंत आहेच. पुन्हा दोषी ठरला तर 5 वर्षांपर्यंत, आणि तेव्हा तो अजामीनपात्र.

आदेशाची प्रत मोफत मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. ती प्रत आणि आलेल्या कॉलचे स्क्रीनशॉट घेऊन बहिणीबरोबर ठाण्यात जायला मावशींनी सोबत करावी.