कोटिच्या कोटि उड्डाणें, झेपावे उत्तरेकडे

तर तुम्हालाही तेलुगूत पौराणिक सुपरहिरोपट काढायचाय. काढा, काढाच. लहानपणी दिवेलागणीला भीमरूपी म्हटली असेल तर निम्मा अभ्यास आधीच झालाय. ‘कोटिच्या कोटि उड्डाणें झेपावे उत्तरेकडे’ या एका ओळीत समर्थांनी सतराव्या शतकातच धंद्याचं गणित मांडून ठेवलंय. कोटी म्हणजे गल्ला आणि उत्तर म्हणजे हिंदी पट्टा. उरलेलं बारीकसारीक मी सांगतो.

पहिली गोष्ट, पटकथा लिहीत बसू नका. आधी ‘सिनेमॅटिक युनिव्हर्स’, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या चित्रपटांचं अख्खं विश्व, जाहीर करा. पाया खणायच्या आधी सातव्या मजल्यावरचा फ्लॅट विकतात ना, तसं.

देव निवडताना चिरंजीवांची यादी काढा. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम. सातही जण परंपरेने आजतागायत हयात, मानधन मागत नाहीत, तारखांचा घोळ नाही आणि ‘हा इतकी वर्षं जगला कसा’ असं कुणी विचारत नाही. मात्र घाई करा, कारण बुकिंग भराभर होतंय. हनुमान आणि बिभीषण १२ जानेवारी २०२४ ला ‘हनुमान’ या तेलुगू चित्रपटात लागले. अश्वत्थामा त्याच वर्षी जूनमध्ये ‘कल्की २८९८ एडी’त अमिताभ बच्चन होऊन आला. (आपला अश्वत्थामा बिचारा अजून सातपुड्यात कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतोय. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला जाणाऱ्यांना विचारा.) कृपाचार्य रिकामे आहेत, बघा जमलं तर.

गाव काल्पनिक ठेवा. ‘हनुमान’वाल्यांनी अंजनाद्री नावाचं गावच निर्माण केलं, शहाणी माणसं. खऱ्या जागेला हात घातला असता तर? २०२१ मध्ये तिरुमला देवस्थानाने अंजनाद्री आमचीच, मारुती इथलाच, असं जाहीर केलं. हंपीजवळचे किष्किंधावाले ते मानत नाहीत. आणि २०२२ मध्ये नाशकात अंजनेरीच्या मंडळींशी शास्त्रार्थ ठरला, तो कुणी कुठल्या आसनावर बसायचं यावरच पेटला. तुमच्याकडे संक्रांतीपर्यंतच वेळ आहे.

नायक भुरटा चोर असू द्या. शक्ती त्याच्या अंगात नको, वस्तूत हवी. मणी, काठी, ग्रंथ, काहीही चालेल. वस्तू असली की ती खलनायकाला हिसकावता येते आणि मध्यंतर आपोआप होतं. खुद्द वाल्मीकींच्या मारुतीची गोष्ट वापरायचा मोह टाळा. ऋषींच्या शापाने स्वतःचं बळ विसरलेला, शंभर योजनं समुद्रापुढे सगळे वानर हात टेकून बसलेले असताना गप्प बसून राहिलेला, आणि म्हाताऱ्या जांबवंताने आठवण करून दिल्यावर वाढत वाढत महेंद्र पर्वतावरून झेपावलेला. जगातल्या कुठल्याही सुपरहिरोपाशी याहून चांगला आरंभ नाही. पण त्यात मणी नाही, तेव्हा सोडा.

आई किंवा बहीण एक ठेवाच. मध्यंतरानंतर लागते.

खलनायकाच्या बाबतीत मात्र ‘हनुमान’कडून खरोखर शिका. सौराष्ट्रातला पोरगा, सुपरहिरो व्हायचं वेड, सगळे सुपरहिरो अनाथ असतात हे त्याने ताडलेलं, म्हणून तो स्वतःच्याच आईबापांना संपवतो. पहिल्या काही मिनिटांत सगळा पाश्चात्त्य प्रकार उलटा करून टांगलाय. तसंच त्यातल्या नायकाला बळ देणाऱ्या मण्याला घातलेली अट: ऊन असेल तरच चालेल. रात्र पडली की नायक पुन्हा तुमच्याआमच्यासारखा मार खाणारा. असली एक अट चार मारामाऱ्यांना पुरते, कारण प्रेक्षक नायकाकडे बघायच्या आधी आभाळाकडे बघतो. हे उपरोधाने म्हणत नाहीये. तुम्ही अर्थातच दुसऱ्या तासात ती अट विसरून जाल.

आता व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर रचलेली दृश्यं. प्रदर्शनाची तारीख आधी लावा, कारण संक्रांत हलत नाही. मग तिथून उलट मोजत या आणि जेवढे दिवस उरतील त्यात देव बसवा. चित्रीकरणाच्या वेळी प्रत्येक शॉटनंतर एक करडा आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा कॅमेऱ्यासमोर धरून उजेडाची नोंद करायची असते. दोन मिनिटांचं काम आहे, ते टाळा. मग सहा महिन्यांनी संगणकापाशी बसलेल्या पोराला कळणार नाही की ऊन कुठल्या बाजूने होतं. नायकाचा चेहरा डावीकडून उजळेल, मागचा डोंगर उजवीकडून, आणि प्रेक्षकाला कारण सांगता आलं नाही तरी ‘खोटं वाटतंय रे’ हे तो बरोबर सांगेल. संकलन शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहा, म्हणजे पूर्ण झालेले शॉट फेकले जातील आणि नवे अर्धवट राहतील. पाय जमिनीला टेकतो तिथली सावली, धूळ, दगडाला गेलेला तडा, यांवर वेळ घालवू नका. देव फुग्यासारखा तरंगला तरी लोक हात जोडतात. तरीही भीती वाटली तर रात्र करा, पाऊस पाडा, धुकं सोडा.

आणि विराट रूप झटपट हलवा. नियम असा की वस्तू सोळा पट उंच केली तर तिची हालचाल साधारण चौपट सावकाश हवी. माणसाची गदा १० फ्रेममध्ये फिरत असेल तर त्या मारुतीची ४० घेईल, म्हणजे सेकंदाला २४ या हिशोबाने जवळजवळ पावणेदोन सेकंद. तेवढा धीर कुणाला आहे? गदा गरकन फिरवा, भव्य मारुती पंख्याच्या पात्यासारखा दिसेल. समर्थांना एकही संगणक न वापरता हे कळलं होतं. ‘अणूपासोनि ब्रह्मांडाएवढा होत जातसे’ म्हणतात ते. ‘झाला’ नाही, ‘होत जातसे’! वाढ डोळ्यांपुढे घडते. आणि लगेच पुढे ‘तयासी तुळणा कोठें, मेरुमंदार धाकुटें’, म्हणजे आकार कळावा म्हणून शेजारी डोंगर उभा केलाय. तुमच्या मारुतीच्या शेजारी काय आहे? ढग. ढग केवढा असतो, कुणाला माहीत?

पैशाचं कारण तर सांगूच नका. ‘हनुमान’ सुमारे ४० कोटींत झाल्याचं सांगितलं गेलं. आधी तो १२ मे २०२३ ला येणार होता, आठ महिने पुढे गेला, आणि ते आठ महिने पडद्यावर दिसतात. रामायणावरच्या ‘आदिपुरुष’वर त्याच्या दसपटीहून जास्त खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. टीझरची टर उडाल्यावर तोही जानेवारीतून जूनमध्ये ढकलला, पण मुळातच फसलेला आराखडा रंगसफेदीने सुधारत नाही. त्या वेळी प्रत्येक चित्रगृहात एक खुर्ची मारुतीसाठी रिकामी ठेवायचं आवाहन झालं होतं. दिग्दर्शक आपले मराठी, ओम राऊत, म्हणून जरा जास्तच लागलं. लोक भडकल्यावर संवाद आठवड्याभरात बदलावे लागले, पण त्या खुर्चीवरच्याला पहिल्या दिवशी ते ऐकावेच लागले ना!

देणगी जाहीर करा. ‘हनुमान’ने प्रत्येक तिकिटामागे ५ रुपये अयोध्येच्या मंदिराला द्यायचं ठरवलं आणि प्रदर्शनानंतर दहाव्या दिवशी तिथे प्राणप्रतिष्ठा. याला नियोजन म्हणतात.

डबिंग शेवटच्या चार दिवसांत उरका. तेलुगू शब्द बहुतेक स्वरावर संपतो आणि हिंदी शब्द पुष्कळदा व्यंजनावर, त्यामुळे हिंदी वाक्य संपलं तरी नायकाचं तोंड उघडंच राहतं. राहू द्या. तेलंगणाची, रायलसीमेची, गोदावरीकाठची अशा तीन बोली मुळात असतील, तर तिन्हींना एकाच हिंदीत बुडवा आणि विनोदी पात्राला भोजपुरी हेल द्या. सोलापूरच्या पूर्वभागातल्या पद्मशाली घरांतून मूळ तेलुगू कळतं, त्यांना हसू द्या. बाकी मराठी प्रेक्षकाला कशाला हवं मूळ? त्याच्यासाठी उपशीर्षकांसह एक खेळ आहेच की, रात्री पावणेअकराला, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवट करू नका.

शीर्षकात देवाचं नाव घाला, पोस्टरवर देव घाला, ट्रेलरच्या शेवटच्या दहा सेकंदांत देव घाला, आणि चित्रपटात देव शेवटच्या काही मिनिटांपुरता आणा. ‘हनुमान’ अडीच तासांहून मोठा आहे. हनुमंतू नावाचा पोरगा भरपूर दिसतो. हनुमान बर्फ फोडून बाहेर येतो, तेव्हा लोक पार्किंगची पावती शोधत असतात. ‘कल्की’ तर तीन तासांचा, आणि त्यात कल्की जन्मालाच येत नाही! शीर्षकातला माणूस पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत पोटात. कमल हासन गांडीव उचलतो, आता काहीतरी होणार म्हणून आपण सरसावून बसतो, आणि दिवे लागतात. ते जून २०२४ होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनीच जाहीर केलं की पुढच्या भागात दीपिका नाही. म्हणजे बाळ अजून पोटातच, आणि आई निघून गेली. हे कुठल्या पुराणात बसतं सांगा!

बरं, ‘हनुमान’च्या शेवटी पाटी काय, तर मारुतीने रामाला काय वचन दिलं होतं, याचं उत्तर २०२५ मध्ये. वचनाचाच विषय! त्रेतायुगातलं वचन पाळायला मारुती हिमालयात बर्फाखाली बसून राहिला, आणि यांना दोन वर्षांचं पाळता येईना. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋषभ शेट्टी मारुतीच्या रूपात पोस्टरवर झळकला. पोस्टर छान होतं. २०२५ सरलं. मधल्या काळात त्याच विश्वातल्या आणखी चित्रपटांच्या घोषणा झाल्या, त्यांचीही पोस्टरं छान आहेत. दुसरीकडे ‘मिराई’ आला, तोच तेजा सज्जा, आता मण्याऐवजी काठी आणि अशोकाचे नऊ ग्रंथ, आणि शेवटी? शेवटी पुन्हा पुढच्याचं आमंत्रण. जेवायला बोलवायचं, पान वाढायचं, वरणभातावर तूप पडलं की यजमान सांगणार, पोळी-भाजी पुढच्या दिवाळीला, आता दक्षिणा ठेवा.

यावर लगेच ‘बाहुबली’चं उदाहरण तोंडावर फेकलं जातं. फेका. कटप्पाचा तो प्रश्न जुलै २०१५ मध्ये टाकला आणि एप्रिल २०१७ मध्ये उत्तर दिलं. दिलं! पावणेदोन वर्षांत. शिवाय नावातच ‘द बिगिनिंग’ लिहिलं होतं, त्यामुळे तिकीट काढतानाच कळत होतं की हे अर्धं आहे. ‘सालार’ आणि ‘देवरा’ यांनीही ‘भाग १’ असं नावात सांगितलं. तेवढी लाज तरी ठेवली.

जाऊ दे, सल्लेबिल्ले पुरे झाले. अहो, गोष्ट सांगता येत नसेल तर सांगू नका, पण मारुतीच्या नावावर अर्धी विकू नका. अंजनाद्रीची ती बहीण, तो चोर, तो मणी, सगळं जमून आलं होतं, तिथेच नीट संपवलं असतं तर लोकांनी दुसरा भाग आपण होऊन मागितला असता. आणि प्रेक्षकहो, तुम्हीही काही कमी नाही. पाटी आली की शिट्ट्या तुम्हीच मारता. मारुती बर्फातून उठतो त्या क्षणी पुढच्या चार रांगांतले फोन वर होतात आणि मागच्याला देवाऐवजी चाळीस लहान लहान पडदे दिसतात, तेही तुमचेच. घरी जाऊन तो थरथरता व्हिडिओ कोण बघतो? फोन खिशात घाला, आणि खिडकीवर आधी विचारा, हा चित्रपट संपतो का? ‘नाही’ म्हणाले तर तिकीट निम्म्या भावात मागा.

आणि तुम्ही, काढणारे. पोस्टरवर देवाच्या पायाशी भरपूर जागा असते, तिथे तुम्ही बँकेची, गुटख्याच्या वेलचीची आणि प्रॉपर्टीची जाहिरात बसवता. तिथेच ‘भाग १’ छापा. मोठ्या अक्षरात.