‘कळत नसेल तर सायन्स घ्या’ : एका विज्ञान शिक्षिकेचं उत्तर

दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत तो मेसेज येतोच. यंदा मला तो चार गटांत मिळाला: नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्यासुद्धा. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. ‘मूल गोंधळलेलं असेल तर डोळे झाकून सायन्स घ्या. सायन्सवाला नंतर आर्ट्स-कॉमर्सला जाऊ शकतो, आर्ट्स-कॉमर्सवाला सायन्सला येऊ शकत नाही. ८० टक्क्यांच्या वर असून आर्ट्स घेतलं तर गुण वाया. पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घ्या म्हणजे इंजिनिअरिंग-मेडिकल दोन्हीकडे मोकळं. सायन्सचा बारावीचा निकाल ९७ टक्के लागतो, मग भीती कसली? आणि स्पर्धा परीक्षा द्यायच्या असल्या तरी सायन्सच बरं.’

मी एकोणीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आहे. विज्ञानाला मुलं आली तर माझी तुकडी टिकते, कार्यभार टिकतो. तरीही या मेसेजला उत्तर द्यायलाच हवं असं मला वाटतं, कारण तो वाचून आलेली मुलं माझ्या समोरच्या बाकावर बसतात आणि त्यांचं काय होतं ते मी बघते.

आधी त्यात खरं किती, ते सांगते. बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचं तर आपल्या राज्यात फिजिक्स आणि गणित लागतंच. मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, बीएस्सी नर्सिंग यांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. फार्मसीला सायन्स लागतं. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) वायुदलात किंवा नौदलात जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. मर्चंट नेव्हीच्या डेकवर अधिकारी व्हायचं तरी तेच. यातलं काही मनात असेल, किंवा विज्ञान खरोखर आवडत असेल, तर त्या मुलाने जरूर यावं, आम्ही वाट बघतो आहोत. पण हा मेसेज त्या मुलांना उद्देशून नाही. तो ‘काहीच कळत नाही’ म्हणणाऱ्या मुलांसाठी आहे, आणि त्यांच्याच बाबतीत तो चुकतो.

‘सायन्सवाला नंतर कुठेही जाऊ शकतो’

नियमांच्या पुस्तकात हे बरोबर आहे. पण जाताना मूल बारावीचे गुण बरोबर घेऊन जातं, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही.

चार वर्षांपूर्वीची माझी एक विद्यार्थिनी. दहावीला ८६ टक्के. वक्तृत्वात तालुक्यात पहिली यायची, मराठीचं वाचन चांगलं. काय करायचं ते ठरत नव्हतं, म्हणून घरच्यांनी सायन्सला घातलं. दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी घेतलं, कारण त्यात गुण मिळतात असं कोणीतरी सांगितलं. म्हणजे जी भाषा तिची ताकद होती ती अकरावीतच सुटली. फिजिक्स आणि गणितात ती पहिल्या चाचणीपासून अडकली. बारावी ४३ टक्क्यांनी पास झाली. तेव्हा कुठे तिला उमगलं की आपल्याला वकील व्हायचं आहे. पाच वर्षांच्या एलएलबीला बारावीची शाखा कोणी विचारत नाही, पण खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात. तिला दोन टक्के कमी पडले. आर्ट्सला असती तर ते दोन टक्के कधी आडवे आले नसते असं मी तिला शिकवणारी म्हणून सांगते. आता ती बीए करून तीन वर्षांच्या एलएलबीच्या तयारीला लागली आहे. वकील ती होईल, पण पाचऐवजी सहा वर्षांनी, आणि मधली दोन वर्षं ‘मला काही जमत नाही’ हे ऐकत काढल्यावर.

‘सगळे दरवाजे उघडे ठेवणारी’ शाखा तिच्यासाठी एक दरवाजा बंद करून गेली. आणि ती काही एकटी नाही.

सीएचंही असंच. फाउंडेशन ही त्याची पहिली परीक्षा कोणत्याही शाखेच्या मुलाला देता येते. चार पेपर असतात: अकाउंटिंग, व्यवसायाचे कायदे, क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूड आणि अर्थशास्त्र. कॉमर्सच्या मुलाने दोन वर्षं बीके (बुककीपिंग, म्हणजे हिशेबलेखन) केलेलं असतं, सायन्सचं मूल डेबिट-क्रेडिटपासून सुरुवात करतं. गणित पक्कं असलेली सायन्सची मुलं ही दरी भरून काढतात, मी अशी पाहिली आहेत. पण ज्याला सीएच व्हायचं आहे त्याने आधी दोन वर्षं कार्बनी रसायन का पाठ करावं?

‘उलटा रस्ता नाही’

आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. हिशेब करा. अकरावी-बारावी दोन आणि डिग्री चार, एकूण सहा. डिप्लोमा तीन आणि डिग्रीची उरलेली तीन, तीही सहाच. एक वर्षही जास्त नाही, सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा नाही, आणि तीन वर्षांनी हातात एक पदविका, जिच्यावर नोकरीही लागू शकते. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हातोडा-पाना हातात घेतल्यावर ज्याचा चेहरा खुलतो अशा मुलाला मी स्वतः पॉलिटेक्निक सुचवते. मेसेजमध्ये या वाटेचा उल्लेखसुद्धा नाही.

वैमानिक होण्यासाठी बारावीचं फिजिक्स आणि गणित लागतं. कॉमर्सची मुलं ते विषय मुक्त विद्यालयाच्या मंडळाकडून नंतर देऊन परवान्याच्या प्रशिक्षणाला जातात. नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून दिलेलाही चालेल. रस्ता लांब आहे, सोपा नाही, पण ‘नाहीच’ हे चूक.

मेसेज ज्याबद्दल बोलतच नाही तो विषय

माझं खरं भांडण इथे आहे. पालक शाखेवर भांडतात आणि विषय निवडताना बेफिकीर असतात. बरेच दरवाजे सायन्स या शब्दाने उघडत नाहीत, ते गणिताने उघडतात. आणि बोर्डाच्या विषययादीत गणित तिन्ही शाखांना आहे.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.ला (संख्याशास्त्राच्या पदवीला) बारावीला गणित आणि इंग्रजी हवं, शाखा कोणतीही चालते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं तर बारावीला गणित हवं. एनडीएतून लष्करात जायला आर्ट्सचा मुलगाही पात्र आहे, पण लेखी परीक्षेतल्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे आहेत, ते त्याने कुठून आणायचे? कॉमर्सला मात्र दरवर्षी अर्धा वर्ग ‘मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती)’ या प्रश्नावर विचार न करता एसपी घेतो, कारण मित्राने घेतलं. अर्थशास्त्र किंवा आकडेवारीच्या कामात जायचा जरासा जरी विचार असला तरी ही निवड शाखेच्या निवडीपेक्षा मोठी आहे.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. आर्ट्सला गणित यादीत असलं तरी तालुक्याच्या अनेक कॉलेजांत ते शिकवायला कोणी नसतं. मानसशास्त्राचंही तेच. म्हणून अर्ज भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा: हा विषय यंदा प्रत्यक्षात चालू आहे का, किती मुलं आहेत, शिकवतं कोण? माहितीपुस्तिकेवर विसंबू नका.

आता दुसरी बाजू. मुलाला गणित झेपतं का, हे दहावीच्या टक्क्यांवरून कळत नाही. टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने निघते. सहापैकी सर्वांत कमी गुणांचा विषय बाजूला पडतो, आणि पुष्कळदा तो विषय गणितच असतो. वर कला-क्रीडेचे सवलतीचे गुण मिळतात. मग ८८ टक्क्यांचा मुलगा माझ्यासमोर बसतो आणि गुणपत्रिका उघडली की गणितात ५४ दिसतात. त्यातले वीस पुन्हा अंतर्गत मूल्यमापनाचे. बीजगणित आणि भूमितीचे लेखी गुण वेगळे बघा, विज्ञानाच्या दोन्ही पेपरांचे बघा, आणि मग बोला. ५४ गुण म्हणजे मूल कमी आहे असं मुळीच नाही. अकरावीच्या फिजिक्समध्ये पहिल्या महिन्यात सदिश (व्हेक्टर) येतात आणि त्याच्या मागोमाग कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लागतं, ते त्या पायावर उभं राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘पीसीएमबी घ्या, दोन्हीकडे मोकळं’

नीट ७२० गुणांची असते, त्यातले ३६० बायोलॉजीचे. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण गणिताचे. म्हणजे एका परीक्षेचा अर्धा भाग दुसऱ्या परीक्षेत शून्य उपयोगाचा. चारही विषय झेपणारी मुलं असतात, एका तुकडीत दोन-चार. बाकीची ऑक्टोबरपर्यंत दोन्हीकडून थकतात. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, आणि प्रॅक्टिकलच्या जर्नल रात्री. बारावीच्या मध्यावर ती बायोलॉजी किंवा गणित मनातून सोडून देतात, पण बोर्डाचा पेपर द्यावाच लागतो आणि तो विषय एकूण टक्के खाली ओढतो. अकरावीचं दुर्लक्षही सीईटीत भोवतं, कारण साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात. दोघांपैकी एक नक्की ठरत असेल तर तो एकच गट घ्या, आणि उरलेल्या वेळात मुलाला झोपू द्या.

‘सायन्सचा निकाल ९७ टक्के’

आकडा खरा आहे. २०२५ मध्ये बारावीला विज्ञान शाखेचा निकाल ९७.३५ टक्के लागला, कला शाखेचा ८०.५२. पण निकाल म्हणजे पास होणं, आणि पास होण्यासाठी शंभरात ३५ लागतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तिन्हींत प्रॅक्टिकलचे ३० गुण असतात आणि ते बहुतेकांना भरभरून मिळतात. मी स्वतः ते देते, मला माहीत आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के आणि वर सीईटी, मेडिकलला नीट. ज्यासाठी सायन्स घेतलं तिथे पोहोचलेली मुलं किती, हे ९७ मध्ये कुठेच दिसत नाही.

शिवाय सायन्सला येतात ती मुळात दहावीला जास्त गुण मिळवलेली मुलं. आर्ट्सच्या ८० टक्क्यांवरून ती शाखा अवघड ठरत नाही. तिथे आपण मुलांना आणि शिक्षकांना वाऱ्यावर सोडलं आहे, हे त्यातून दिसतं. हुशार मुलांना तिथून पळवून लावणारा हा मेसेज त्या आजाराला हातभारच लावतो.

‘८० टक्क्यांच्या वर असून आर्ट्स म्हणजे गुण वाया’ यावर फार लिहीत नाही. गुण खर्च होत नसतात. उलट, चांगल्या कॉलेजच्या आर्ट्सला प्रवेश मिळवायला तेच गुण कामी येतात. पाच वर्षांचा कायदा, अहमदाबादच्या एनआयडीचं डिझाइन, आयआयटी मुंबईची डिझाइनची पदवी बी.डेस., मुंबईच्या जे.जे.चं चित्रकलेचं शिक्षण, हॉटेल मॅनेजमेंट यांपैकी कुठेही बारावीला सायन्सची अट नाही. प्रवेश परीक्षा कठीण आहेत, पण त्या वेगळ्या गोष्टींसाठी कठीण आहेत.

आणि स्पर्धा परीक्षा. यूपीएससीला पदवी लागते, कोणतीही. सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांत इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, समाज, अर्थव्यवस्था यांचा मोठा वाटा आहे, म्हणजे अकरावी-बारावी आर्ट्सचे विषय. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, तिथे मराठीत मुद्देसूद लिहिता यावं लागतं. इंजिनिअर मोठ्या संख्येने यशस्वी होतात हे खरं, पण ते पदवीनंतर हे विषय नव्याने शिकून.

राहता राहिलं मुलाचं मत. आता राज्यभर अकरावीचा प्रवेश ऑनलाइन आहे. अर्जाचा दुसरा भाग भरताना पसंतीक्रम द्यावा लागतो, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दरवर्षी आमच्या मार्गदर्शन केंद्रावर वडील मोबाइल घेऊन येतात, ओटीपी त्यांच्याकडे, पासवर्ड त्यांच्याकडे, आणि मूल बाहेर गाडीवर बसलेलं. मी मुलाला आत बोलावते, खुर्ची देते आणि विचारते, ‘गेल्या वर्षी कोणत्या विषयाचं पुस्तक तू परीक्षा नसतानाही उघडलंस?’ बहुतेक वडिलांनी ते उत्तर पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. त्यानंतर आम्ही तिघं मिळून दुसरा भाग भरतो.